गडग्याआडचा होकार

त्या वर्षी कोकणात म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यांतून जमिनी काढून घेण्याचं काम जोरात चाललं होतं. आंब्याला मोहर यायच्या आत उरकलेलं बरं, असं जाणत्यांचं मत होतं. एकदा मोहराचा वास सुटला, की म्हातारी माणसं पुन्हा जमिनीत गुंततात आणि डॉक्टरांचं काम वाढतं. म्हणून दिवाळी सरल्यापासून तालुक्याच्या गावी डॉ. मैथिली उकिडवे यांच्या दवाखान्याबाहेर मुलगे, सुना, जावई आणि पुतणे रांग लावून बसत. खुद्द म्हातारी माणसं सोबत नसत. त्यांना इतक्यात सांगू नये, असंही जाणत्यांचंच मत होतं.

ईशान तेंडोलकर त्या रांगेत बसला होता. वय पन्नाशीचं. कोल्हापूरच्या एका विमा कंपनीत पॉलिसीच्या अटी सोप्या भाषेत लिहून देण्याचं काम तो करी. अटी सोप्या झाल्यापासून त्या कुणी वाचत नसे, म्हणून कंपनी त्याच्यावर खूश होती. त्याचे वडील, हेमंत तेंडोलकर, आंबेखोलला वाडीत एकटे राहत. हापूसची कलमं, थोडी सुपारी, एक विहीर, मधोमध कौलारू घर आणि चारी बाजूंनी जांभ्या दगडाचा कमरेएवढा गडगा. चार पिढ्यांची वाडी. श्रावणात बाबा विहिरीच्या पायरीवर पडले, खुबा मोडला, आणि त्या दुखण्यातून ते अर्धेच उठले. औषध दोनदा घेत किंवा घेतच नसत. सांभाळायला माणूस ठेवला, तर पहिल्याच आठवड्यात त्यांनी त्याला कलमांच्या आळ्यांत शेणखत घालायला लावलं. तो माणूस परिचारक होता. तो गेला.

आता 'सायंतारा'शिवाय इलाज नव्हता. सायंतारा म्हणजे समुद्रावरच्या टेकडीवरचं वृद्ध-शुश्रूषा निवास. जागा छान, माणसं प्रेमळ, आणि खर्च असा, की तो ऐकल्यावर माणसाला तिथंच भरती व्हावंसं वाटावं. सरकारनं त्यावर कायदा केला होता. ज्याची मालमत्ता असेल त्याच्या मालमत्तेतून निवासानं आपला वाटा उचलायचा, ज्याची नसेल त्याला फुकट.

कायदा सरळ होता, पण माणसं सरळ नव्हती. सुरुवातीला मालमत्ता कागदावरून ठरे. मग काय, लोकांनी जमिनी भाच्यांच्या नावे केल्या, देवाच्या नावे केल्या, एका गृहस्थांनी तर बाग गोठ्यातल्या बैलाच्या नावे केली आणि बैलाचा अंगठा कसा घ्यायचा यावर वर्षभर खटला चालला. शेवटी वैतागून सरकारनं कागद सोडला आणि थेट डोक्यात हात घातला. माणसाला मनातून जे 'माझं' वाटतं तेच त्याचं, बाकी सगळं तोंडदेखलं, असं नव्या कायद्याचं म्हणणं. आणि ते मोजता येत होतं.

"गाडीला मागून कुणी धडकलं तर तुम्ही काय म्हणता?" डॉ. उकिडवे यांनी ईशानला विचारलं. बाई साठीच्या होत्या. दिवसातून वीस वेळा तेच समजावून सांगावं लागत असूनही त्यांचा आवाज चिडका झाला नव्हता, थोडा झोपाळू झाला होता इतकंच.

"म्हणजे? शिव्या देतो."

"त्यानंतर. घरी येऊन काय सांगता?"

"सांगतो, की सिग्नलला मला मागून एकानं ठोकलं."

"मला! गाडीला नाही, मला." बाईंनी बोट वर केलं. "तुमच्या मेंदूत काही पेशी असतात, आम्ही त्यांना ममक पेशी म्हणतो. हा हात माझा, हा पाय माझा, एवढंच सांगायला निसर्गानं त्या दिल्या होत्या. पण त्यांना हद्द कळत नाही. हातातली काठी थोडे दिवस वापरली, की त्या काठीलाही 'माझी' म्हणतात. मग चष्मा, गाडी, घर, बाग. बाबा वाडीत शिरले की त्यांच्या ममक पेशी दिवाळीसारख्या पेटत असणार. त्या उजेडाचा आकडा म्हणजे ममांक. सरकार तो आकडा मोजतं आणि निवासाचा वाटा लावतं."

"आणि तुम्ही ती दिवाळी विझवता."

"मंद करते. निर्ममन म्हणतात त्याला. नाव समितीनं ठेवलंय, समितीत संस्कृतचे एक निवृत्त प्राध्यापक होते. जुन्या काळी लोक यासाठी हिमालयात जायचे." बाई किंचित हसल्या. "आठवण जात नाही हं. कुठलं कलम कुणी बांधलं, विहिरीला पाणी किती, सगळं त्यांना ठाऊक राहील. फक्त शेजाऱ्याच्या बागेविषयी ठाऊक असावं तसं. चिंता जाते, भीती जाते. चिंतामुक्तीचा उपचार म्हणून कायद्यानंही त्याला हरकत नाही. पण रुग्णानं स्वतः, पूर्ण शुद्धीत, हो म्हटलं पाहिजे."

मग त्यांनी कृती सांगितली. आधी एक औषध टोचायचं. त्यानंतर काही तास ज्या ममक पेशी पेटतील त्यांच्यावर रंगाची खूण बसते. तेवढ्या वेळात रुग्णाला टोपी घालून आपल्या जागेतून एक फेरी मारू द्यायची. त्याला खूणफेरी म्हणतात. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात खुणेच्या पेशींवर ठराविक प्रकाश सोडला, की त्या निवतात.

"एकच अट," बाई म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज जागा झाला. "फेरीत त्यांनी एकट्यानं फिरायचं. अंगावर आमचे कपडे, हातात आमची काठी. त्या वेळात जे जे 'माझं' वाटेल त्या सगळ्यावर खूण बसते. औषधाला झाड आणि मांजर यातला फरक कळत नाही. तुम्ही समोर दिसता कामा नये."

"दिसणार नाही," ईशान म्हणाला. अटी सोप्या करून लिहिण्याचाच त्याचा धंदा होता. ही त्याला आधीच सोपी वाटली.

बाबांना सांगायला तो घाबरत होता. पण खळ्यात सुपाऱ्या वाळत घालता घालता त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे वाडी माझी आसा ह्या माका वाटाचा नाय, इतक्याच मां?"

"इतकंच."

"आणि मगे वाडी तुझी ऱ्हवतली?"

"हो."

"मग इतको तोंड पाडून कित्याक सांगतंस, मेल्या? माझ्या बापाशीन मरताना सोडल्यान, मी जितेपणी सोडतंय. न्हे खंय न्हेवचा ता." आणि सुपारीची एक साल त्याच्या अंगावर फेकून म्हणाले, "पन्नास वर्षांचो घोडो झालो, अजून सुपाऱ्यांत पाय घालून बसता. उठ थंयसून!"

खूणफेरीच्या दिवशी पहाटे धुकं पडलं होतं. गडग्याचा फक्त माथा दिसत होता आणि कलमं जमिनीपासून सुटून तरंगल्यासारखी उभी होती. दवाखान्याच्या पांढऱ्या कपड्यांत, डोक्यावर बारीक दिव्यांची टोपी घालून बाबा बेड्यापाशी, म्हणजे वाडीच्या दाराच्या आडव्या बांबूंपाशी उभे राहिले, तेव्हा तेही धुक्याचाच एक तुकडा वाटत होते. बरोबर आलेली नर्स दूर गाडीत बसली. ईशान गडग्याबाहेर आडोशाला थांबला.

बाबा हलेनात.

"चला बाबा," ईशान दबक्या आवाजात म्हणाला. "फेरी मारून या."

"गाऱ्हाणा घातल्याशिवाय?"

ईशाननं कपाळावर हात मारला. वाडीत काहीही करायचं तर आधी राखणदाराला गाऱ्हाणं घालायचं. राखणदार म्हणजे त्या जागेचा, डोळ्यांना न दिसणारा धनी. पाणी लावायचं, फांदी तोडायची, आंबा उतरवायचा, त्याला सांगून. आणि आज तर वाडीच सोडायची होती. गाऱ्हाणं घालायचं म्हणजे नुसतं पुटपुटून भागत नाही. एकानं मागणं मागायचं आणि दुसऱ्यानं मोठ्यानं होकार भरायचा. होकाराशिवाय गाऱ्हाणं म्हणजे पत्ता न घालता टाकलेलं पत्र. ईशान बोबडं बोलायचा तेव्हापासून या वाडीत होकार भरण्याचं काम त्याचं होतं. कोल्हापूरला गेल्यावरही त्या कामापुरता तो रजा काढून येई.

औषध टोचून झालेलं, वेळ सरत चालला होता. ईशाननं अट आठवून पाहिली. समोर दिसता कामा नये. ठीक आहे. तो गडग्याआड उकिडवा बसला.

"घाला गाऱ्हाणं," तो म्हणाला. "मी हय आसंय."

धुक्यात बाबांचा आवाज उठला, म्हातारा, पण तालात. "बा देवा म्हाराजा! ह्या वाडीच्या राखणदारा! आज ह्यो तुझो लेकरू तुझो निरोप घेवक इलो हा रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गडग्याआडून ईशान.

"चार पिढ्ये तुया आमका सांभाळलंस. जाणता-अजाणता काय चुकला-माकला असात, तर पदरात घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि आता माझो झील तुझ्या पायाकडे उभो ऱ्हवतलो. त्येका माझ्यासारखोच सांभाळ, झाडापेडांक सुखी ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

बाबा पुढे निघाले. विहिरीपाशी थांबले. तिथं पुन्हा गाऱ्हाणं. आजोबांनी बांधलेल्या कलमापाशी पुन्हा. ईशान गडग्याबाहेरून वाकून वाकून, ओल्या गवतातून, त्यांच्या बरोबरीनं पुढे सरकत होता. जांभ्याच्या फटींतून मधूनच टोपीचे दिवे दिसत, प्रत्येक झाडाशी भरभरून येत आणि पुढच्या झाडाकडे तरंगत जात. प्रत्येक थांब्यावर आतून मागणं येई आणि बाहेरून होकार जाई. एकदा बाबा मध्येच हसून म्हणाले, "मेल्या, लहान असताना ह्याच गडग्याआड लपान माका आंबे मारायचंस." ईशानही हसला. फेरी पुरी झाली तेव्हा धुकं विरत होतं. त्याची पाठ धरली होती, गुडघ्यांना चिखल लागला होता आणि कित्येक वर्षांत त्याला इतकं बरं वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी प्रकाश सोडला. बाबांना जरा डुलकी लागली. उठल्यावर त्यांनी चहा मागितला.

सायंतारात ते लगेच रुळले. भेटायला गेलेल्या ईशानला ते व्हरांड्यात आरामखुर्चीवर सापडले. समोर समुद्र होता. चेहऱ्यावरच्या आठ्या गेल्या होत्या. कुणी इस्त्री फिरवल्यासारखं कपाळ दिसत होतं.

"येवा, बसा," बाबा म्हणाले. "लांबसून इलास. च्या घेतलास?"

ईशानला वाटलं, शेजारी कुणी उभं आहे. त्यानं मागं वळून पाहिलं. कुणी नव्हतं.

"बाबा, मी ईशान."

"म्हायत आसा मां," बाबा प्रसन्नपणे म्हणाले. "ईशान. माझो झील. दसऱ्याक जल्मलास. नर्सबायन माझ्या हातात दिल्यान तेव्हा तुमी माझो शर्ट भिजवलास. सगळा याद आसा." ते हे असं सांगत होते, जसं एखादा माणूस गावच्या धरणाची उंची सांगतो. "तुमची प्रकृती बरी मां?"

"तुम्ही मला अहो-जाहो का करताय?"

बाबांनी खरोखरच विचार केला. "मोठी माणसा तुमी. पन्नाशीचे. अरे-तुरे करूचा म्हणजे..." त्यांना कारण सापडेना. "बरां नाय दिसत."

ईशान तासभर बसला. मुद्दाम चहा सांडला. बाबा म्हणाले, "असू द्या, पुसतले ते." मुद्दाम विचारलं, की वाडीतला आजोबांचा आंबा तोडून तिथं मोटार लावायला शेड बांधू का. एरवी या प्रश्नावर निदान दोन पिढ्यांचा उद्धार झाला असता. बाबा म्हणाले, "तुमची वाडी. सोयीचा बघा." निघताना त्यांनी हात जोडले. दोन्ही हात, छातीपाशी, नीट.

घाटात ईशाननं गाडी बाजूला घेतली. पन्नास वर्षांत बाबांनी त्याला लाडानं कधी हाक मारली नव्हती, कधी जवळ घेतल्याचं आठवत नव्हतं. 'मेल्या' म्हणत. पण मेल्या म्हणायला सुद्धा माणूस आपला लागतो. परक्याला आपण 'अहो' म्हणतो आणि मोकळे होतो.

"तुम्ही होकार भरलात?" फोनवर डॉ. उकिडवे यांचा आवाज पूर्ण जागा झाला होता.

"गडग्याआडून! मी दिसलो नाही. तुम्ही दिसू नका म्हणाला होतात."

"मेंदूला गडगा नसतो, तेंडोलकर."

ईशाननं फोन ठेवला. त्याच्या कंपनीत अशाच एका शब्दावरून कितीतरी लोकांचे दावे फेटाळले जात.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात बाईंनी पडद्यावर बाबांच्या मेंदूचं चित्र आणलं. काळ्याभोर अवकाशात खुणेच्या पेशींचा पुंजका, निळसर, मंद, रात्री आकाशातून दिसणाऱ्या दूरच्या एखाद्या गावासारखा. "रंग अजून आहे. पावसाळा लागेपर्यंत टिकेल. तोवर दुसऱ्या प्रकाशानं या पेशी परत जागवता येतात."

"मग जागवा. म्हणजे..." ईशान घुटमळला. "माझ्यापुरत्या."

"वाडी तशीच ठेवून."

"हो."

"मी बघितलंय." बाईंनी चित्र जवळ ओढलं. "वेगळं काढता येईल का म्हणून रात्री बसून बघितलं. विहिरीपाशी तुमचा आवाज आहे. आजोबांच्या आंब्यापाशी तुमचा आवाज आहे. एकही झाड तुमच्यावाचून नाही. यातलं झाड कुठे संपतं आणि तुम्ही कुठे सुरू होता, ते मला सांगता येत नाही. आणि खरं सांगू? मला नाही वाटत हे त्या एका फेरीनं झालं. त्यांच्या डोक्यात तुम्ही आणि वाडी कधी वेगळे नव्हतातच. फेरीनं फक्त ते उघडं केलं."

"म्हणजे जागवलं तर दोन्ही जागं होणार."

"दोन्ही. आणि सरकारी मोजणीत वाडी सायंताराकडे जाणार. दोन-तीन वर्षांत सगळी." बाईंनी चित्र मिटवलं. "आणि परत जागवायलाही त्यांची संमती लागेल. त्यांची, तुमची नाही."

"ती मिळेल हो," ईशान म्हणाला. त्याला काळजी वाडीची होती.

तो विचार करतो म्हणाला. विचार करण्यात माघ गेला, फाल्गुन गेला. वाईट काय होतं म्हणा. बाबा मजेत होते. वजन वाढलं होतं. रात्री झोपत. पूर्वी वारा सुटला तरी 'फळ गळता मरे' म्हणत उठून बसायचे, आता वादळातही घोरत. त्यांनीच तर हो म्हटलं होतं. आणि वाडी चार पिढ्यांची होती, ती एका 'मेल्या'साठी घालवायची? हिशोब प्रत्येक वेळी बरोबर येई आणि ईशान प्रत्येक वेळी तो पुन्हा मांडे.

वैशाखात सरकारी मोजणीदार आले. कुबल त्यांचं नाव. बुटके, घामेजलेले, पाठीवर यंत्राची पेटी. म्हाताऱ्यानं सोडलेली मालमत्ता वारसाकडे जायची तर वारसाला तरी ती 'माझी' वाटली पाहिजे, नाहीतर ती कुणाचीच नाही, म्हणजे सरकारची, असं कायद्याचं पुढचं कलम होतं. ईशाननं टोपी घातली आणि तो आजोबांच्या आंब्याखाली उभा राहिला. झाड फळांनी वाकलं होतं.

कुबलांनी यंत्र हलवून पाहिलं. फुंकर मारली. "सायबानू, कायतरी आठवा."

"काय आठवू?"

"वाडीबद्दल. आपली वाडी, असा."

ईशाननं आठवलं. बाजारभाव आठवला. रस्ता रुंद होणार होता, ते आठवलं. या जागी निवांत घर बांधून राहायचं, असं एक चित्र होतं, ते आणलं. काटा शून्याशी डुलत राहिला.

"असा होता," कुबल हळहळून म्हणाले. "शहरातल्या माणसांचा होताच. माझ्या सख्ख्या मेवण्याचा झाला. एक काम करा, दुपारपर्यंत मी हय आसंय. ज्या माणसाबरोबर तुमी हय वाढलास, त्येका घेवन या. कधी कधी चालता."

सायंतारा जवळच होतं. बाबा आनंदानं आले. बेड्यातून आत शिरताना त्यांनी चपला बाहेर काढल्या, परक्याच्या घरी काढतात तशा. झाडांखालून चालताना थांबून थांबून कौतुक करत राहिले. "चांगली ठेवली हा वाडी. कोणीतरी जीव लावलेलो दिसता."

"बाबा," ईशान म्हणाला, "एक गाऱ्हाणं घालाल?"

"कोणासाठी?"

"माझ्यासाठी."

"घालतंय मां. त्येका काय!" त्यांनी हात जोडले. वारा पडला होता, पानं स्तब्ध, उन्हाचे कवडसे जमिनीवर झोपल्यासारखे. "बा देवा म्हाराजा! ह्या वाडीच्या राखणदारा! हे सायब लांबसून तुझ्या पायाकडे इले हत रे म्हाराजा!"

ईशाननंही हात जोडले. त्यानं होकार भरला. "व्हय म्हाराजा!"

"भले गृहस्थ हत. त्येंच्या मनात जा काय असात, ता पुरा कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

यंत्र वाजायला लागलं. काटा सरसरत वर गेला आणि टोकाला जाऊन थरथरू लागला. "इलो, इलो!" कुबल ओरडले. "असो ममांक माझ्या नोकरीत बघूक नाय! झाली सायबानू, वाडी तुमची झाली!" आणि ते पेटी आवरून, दोन पेले सरबत पिऊन, पुढच्या वाडीकडे निघून गेले.

यंत्रानं काय मोजलं होतं, ते ईशानला कळलं होतं. आंब्याकडे त्यानं पाहिलंसुद्धा नव्हतं.

बाबा दगडावर टेकले होते. तो त्यांच्यासमोर मातीत बसला. "बाबा, वाडी जाऊ दे. मला नको. उद्या आपण उकिडवेबाईंकडे जाऊ. त्या तुमचं सगळं परत जागं करतील. तुम्ही फक्त हो म्हणा."

"काय जागा करतली?"

"वाडी तुमची वाटेल. मी तुमचा वाटेन."

बाबांनी बराच वेळ विचार केला. ते प्रामाणिक माणूस होते, आत्ताही. "माका आठवता ता," ते हळू म्हणाले. "रात्री वारो इलो की छातीत धडधडायचा. तुमी कोल्हापुराक गेलास की फोन येयसर जेवण जायना. घराक कुलूप लावन निघालंय तर वाटेत तीनदा परत फिरायचंय." त्यांनी मान हलवली. "लय जड होता ता. आता बघा, हलका वाटता. ता वझा परत कित्याक घेवचा?"

"माझ्यासाठी."

"तुमी भले माणूस," बाबा समजुतीच्या सुरात म्हणाले. "पण इतक्या कोण कोणासाठी करता?"

हा प्रश्न ज्याला पडत नसे, तो माणूस त्या निळसर पुंजक्यात विझून पडला होता, आणि त्याला उठवायची परवानगी द्यायला तोच हवा होता.

वरून एक पिकलेला आंबा टपकन पडला. बाबांनी काठीच्या आधारानं वाकून तो उचलला, सदऱ्याला पुसला, हुंगला. डोळे मिटले. मग ते ईशानकडे वळले.

"सायब, ह्यो एक न्हेव काय? विचारून घेतलेलो बरो."

ईशानच्या मनात एक वेडी आशा सळसळली. वर पाहत, आवाज शक्य तितका उर्मट करून तो म्हणाला, "नाही. ठेवा तो."

आणि वाट पाहत राहिला. आता उठतील. काठी उगारतील. मेल्या, माझ्या वाडीतलो आंबो माका नाय म्हणतंस? कोणी बांधल्यान ह्या कलम? तुझ्या आज्यान! एक शिवी, फक्त एक. तो पाठ पुढे करूनच बसला होता.

बाबांनी आंबा झाडाच्या बुंध्याशी ठेवला. देठ वर येईल असा, जपून, फळाला मार लागू नये म्हणून. हात झटकले. ते हसले, आणि त्या हसण्यात राग नव्हता, दुःखही नव्हतं.

"बरोबर आसा," ते म्हणाले. "तुमची वस्तू."

मग चपला घालायला ते बेड्याकडे निघाले. गडग्याबाहेर गाडीपाशी उभे राहून, कमरेएवढ्या दगडांवरून, ते ईशानची वाट पाहू लागले.